बाऊहाउसचं कौतुक झालं, आता ए-फोर कागदाचंही करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मॉडर्न ग्राफिक डिझाइन आणि टायपोग्राफीच्या (म्हणजे छापील अक्षरं आणि त्यांची पानावरची मांडणी यांच्या) इतिहासावर पानभर लेख आलाय तो वाचला, आणि आधी हे सांगून टाकते की मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळालेली बघून बरं वाटलं, लिहिणाऱ्यांनी मेहनत घेतलीय हेही दिसतं. आता भांडण. लेखाचा सगळा भर दिसण्यावर आहे. लाल-काळा रंग, तिरप्या पट्ट्या, गोल-चौकोन-त्रिकोण, शेपट्या छाटलेली अक्षरं, भरपूर मोकळी जागा, मग हेल्वेटिका हा फॉन्ट आणि शेवटी मोबाइलवरचे आयकॉन, झालं, संपला इतिहास. वाचणाऱ्याला वाटणार की शंभर वर्षांपूर्वी युरोपात चार-सहा हुशार लोकांना अचानक नक्षीचा कंटाळा आला आणि त्यांनी ती पुसून टाकली. मी पानं लावायच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून असेल, पण मला त्या चळवळीचा जीव पोस्टरात दिसतच नाही, तो दिसतो कागदाच्या साइझमध्ये, केबलच्या कॅटलॉगमध्ये, आकडेवारीच्या तक्त्यात आणि रस्त्यावरच्या पाट्यांमध्ये, म्हणजे ज्या गोष्टी कोणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही त्यांच्यात. आणि नेमकं तेच तुमच्या लेखात नाहीये.

बाऊहाउस या जर्मन कला-डिझाइनच्या शाळेपासूनच सुरू करू कारण लेखही तिथूनच सुरू होतो. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपियसने वायमारला शाळा काढली हे बरोबर, पण तिथे पहिल्या दिवसापासून टायपोग्राफी चालायची असं जे लेख वाचून वाटतं ते काही खरं नाही. वायमारमध्ये छपाईचं वर्कशॉप होतं ते लायोनेल फायनिंगर बघायचा आणि तिथून मुख्यतः चित्रकारांचे प्रिंट निघायचे. १९२३ मध्ये मोहोय-नॉज हा हंगेरियन कलाकार तिथे शिकवायला आला तेव्हा अक्षरांकडे आणि मांडणीकडे लक्ष जायला लागलं, आणि १९२५ मध्ये शाळा डेसाउला हलली तेव्हा कुठे हर्बर्ट बायरच्या हाताखाली छपाई आणि जाहिरातीचं खरं वर्कशॉप उभं राहिलं. १९३३ मध्ये शाळा बंद. म्हणजे जेमतेम आठ वर्षं. त्या काळातली टायपोग्राफीतली बाकीची मोठी नावं घ्या, यान चिशोल्ड, फ्युच्युरा फॉन्ट काढणारा पाउल रेनर, हॅनोवरचा कुर्ट श्विटर्स, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या केबल फॅक्टरीचे कॅटलॉग करणारा पीट झ्वार्ट, यातलं कोणीही बाऊहाउसच्या स्टाफवर नव्हतं. हा झ्वार्ट मुळात आर्किटेक्ट, त्याने विजेच्या जाड केबलचा कापलेला तुकडा मोठा फोटो करून पानभर लावला आणि शेजारी त्याची माहिती अशी बसवली की इंजिनिअरला हवं ते दोन सेकंदात सापडावं, आणि हे काम तुमच्या लेखातल्या निम्म्या पोस्टरांपेक्षा मला जास्त मॉडर्न वाटतं.

बायरच्या 'युनिव्हर्सल' अक्षरांचा फोटो तुम्ही छापलाय, छान आलाय, पण खाली लिहिलंय की त्याला कॅपिटल अक्षरं बेढब वाटायची म्हणून त्याने ती काढून टाकली. अहो नाही हो. आपल्या लिपीत लहान अक्षर-मोठं अक्षर अशी भानगड नाही त्यामुळे यातला झगडा आपल्या चटकन लक्षात येत नाही. जर्मन भाषेत प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं, वाक्यात कुठेही असो, म्हणजे टेबल, पाऊस, भीती सगळ्यांना मोठं अक्षर, त्यामुळे पोरांना प्रत्येक अक्षराची दोन रूपं घोकायची, छापखान्यात खिळ्यांचे दोन संच ठेवायचे, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा हात सारखा या घरातून त्या घरात, टाइपरायटरवर दर दोन-तीन शब्दांनी शिफ्ट. बाऊहाउसने डेसाउच्या काळात आपल्या लेटरहेडवरच छापून टाकलं होतं की आम्ही सगळं लहान अक्षरात लिहितो कारण त्याने वेळ वाचतो, आणि बोलताना जर मोठं अक्षर ऐकू येत नाही तर लिहिताना ते कशाला. हा हिशोब आहे, सौंदर्याचा यात संबंध फार थोडा. आणि हिशोबही त्यांचा स्वतःचा नव्हता, तो त्यांनी वाल्टर पोर्स्टमान नावाच्या एका गणित शिकलेल्या माणसाकडून घेतला, त्याने १९२० मध्ये भाषा आणि लिखाण यावर पुस्तक लिहून हे सगळं मांडलेलं होतं आणि त्याचं नाव बाऊहाउसने लेटरहेडवर दिलंही होतं.

आता हा पोर्स्टमान कोण, तर ज्या कागदावर अर्ध्या जगाचा कारभार चालतो तो ए-फोर ज्याच्यामुळे आला तोच हा. मला खरंच कळत नाही की मॉडर्न डिझाइनवर पानभर लिहिताना या माणसाचं नाव कसं सुटतं. १९२२ मध्ये जर्मनीत कागदाच्या साइझचं स्टँडर्ड निघालं, डीआयएन ४७६, ते त्याचं काम. युक्ती अशी आहे की कागदाची रुंदी एक धरली तर उंची दोनाच्या वर्गमुळाइतकी, साधारण १.४१४, असा एकच आकार आहे जो मधून घडी घातली तरी प्रमाण तेच राहतं, म्हणजे ए-थ्रीचे दोन तुकडे केले की दोन ए-फोर, त्याचे केले की ए-फाइव्ह, कुठेही पट्टी उरत नाही, वाया जात नाही. ही युक्ती जुनी आहे, लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १७८६ मधल्या एका पत्रात लिहून ठेवलीय, पण पोर्स्टमानने तिला मीटरशी जोडलं, सर्वात मोठा कागद ए-झीरो तो बरोब्बर एक चौरस मीटरचा. त्याचे सोळा भाग म्हणजे ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर, आता कागद जर चौरस मीटरला ८० ग्रॅमचा असेल तर एक ए-फोर पाच ग्रॅमचा झाला, पोस्टाचं वजन तराजूशिवाय तोंडी सांगता येतं. झेरॉक्स मशीनवर ७१ टक्के आणि १४१ टक्के असे जे विचित्र आकडे दिसतात तेही याच वर्गमुळातून आलेले. त्याच्या आधी युरोपात प्रत्येक गिरणीचे, प्रत्येक गावचे आपापले साइझ होते, कपाटं वेगळी, पाकिटं वेगळी, फाइली वेगळ्या, छापखान्यात कागद कापून कापून रद्दीचा ढीग. हे सगळं एका आकड्याने मिटलं. आणि तुम्ही विचाराल की हे टायपोग्राफीत कुठे बसतं, तर चिशोल्डने १९२८ च्या 'नवी टायपोग्राफी' या आपल्या पुस्तकात या साइझांना चांगली पानं दिलीत, पत्राच्या कागदाचं जे स्टँडर्ड होतं, पत्ता कुठे यावा, घडी कुठे पडावी, फाइलला भोकं पाडायला किती समास सोडावा, तेही दिलंय, आणि ते पुस्तक स्वतः ए-फाइव्ह साइझमध्ये छापलंय.

चिशोल्डवर तुम्ही दोन परिच्छेद दिलेत आणि त्यातला एक तो पुढे कसा 'फिरला' यावर. त्या फिरण्याकडे येतेच, पण त्याच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हा १९०२ चा, लाइपझिगचा, पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा, लहानपणापासून बोरू हातात, म्हणजे जुन्या अक्षरांचं वळण त्याच्या मनगटात होतं. १९२३ मध्ये वायमारला बाऊहाउसचं प्रदर्शन बघून आला आणि पेटला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याने एका मासिकाचा खास अंक काढला, लिसित्स्की, मोहोय-नॉज, बायर, श्विटर्स सगळ्यांचं काम त्यात. ते मासिक कुणाचं होतं माहितीये का, जर्मन छापखाना कामगारांच्या शिक्षण संघटनेचं. १९२८ चं पुस्तकही त्याच संघटनेने छापलं. म्हणजे ही सगळी नवी टायपोग्राफी गॅलरीतून आणि उंची क्लबांतून नाही पसरली, ती काळ्या बोटांच्या जुळाऱ्यांना त्यांच्या युनियनच्या मासिकातून टपालाने घरी आली, की बाबांनो उद्या सकाळी कामावर गेलात की हे असं लावा. त्यात काय सांगितलं होतं? मजकूर मधोमध आणून वर-खाली तोलून बसवायचा म्हटलं की ओळ कुठे तोडायची हे आकार ठरवतो, महत्त्वाचा शब्द बारीक होतो कारण तो लांब आहे, फालतू शब्द मोठा होतो कारण तो नेमका मधे येतो, त्यापेक्षा एका कडेपासून सुरू करा, आधी वाचायचं ते आधी आणि ठळक, नंतरचं नंतर, रिकामी जागाही कामाला लावा. साध्या लेटरहेडवर, साध्या जाहिरातीत हे करता येतं, त्याला चित्रकार असावं लागत नाही. शेपटी नसलेलं अक्षर, सॅन्स सेरिफ ज्याला म्हणतात, तेही त्यांनी शोधलेलं नाही, जॉबवर्कसाठी ते छापखान्यात आधीपासून पडलेलंच होतं. अक्झिडेन्झ ग्रोटेस्क हे पुढे सगळ्या स्विस लोकांचं लाडकं झालेलं अक्षर बर्लिनच्या बर्थोल्ड फाउंड्रीने, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, १८९८ च्या सुमारास विकायला काढलं आणि त्यावर कुणा थोर डिझायनरची सही नाही, फाउंड्रीतल्या कारागिरांचं काम आहे ते.

(फ्युच्युरा 'परकार आणि पट्टीने काढलेला' फॉन्ट आहे हे वाक्य पण कृपया पुन्हा छापू नका. १९२७ मध्ये तो बाजारात आला तोपर्यंत रेनरने आणि बाउअर फाउंड्रीने सुरुवातीची कट्टर भूमितीची अक्षरं बाजूला टाकली होती, आज दिसतो त्या फ्युच्युरात रेघा जिथे गोलाला भेटतात तिथे बारीक केल्यात, नाहीतर तो जोड शाईच्या डागासारखा दिसतो. डोळ्याला गोल दिसावं म्हणून गोल मोडावा लागतो, हे रेनरला चांगलं माहीत होतं.)

आता नाझींचा भाग. लेखात सरळ दोन बाजू केल्यात, नाझी म्हणजे जुनी टोकदार गॉथिक अक्षरं, फ्राक्टूर, आणि मॉडर्न म्हणजे स्वातंत्र्य. सुरुवातीला तसं होतंही, १९३३ मध्ये सत्ता आल्या आल्या म्युनिकमध्ये रेनर आणि चिशोल्ड दोघांनाही पकडलं, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या, चिशोल्ड काही आठवडे आत होता आणि सुटल्यावर बायको आणि लहान मुलाला घेऊन स्वित्झर्लंडमधल्या बाझलला निघून गेला. पण पुढचं बघा. ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षातला बडा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या सहीचं सर्क्युलर निघालं की गॉथिक अक्षरं ही मुळात ज्यूंची आहेत, ती बंद, इथून पुढे सगळीकडे रोमन वळणाची साधी अक्षरं. ज्यूंची वगैरे शुद्ध थाप होती, खरं कारण हे की युरोपभर जिंकलेल्या देशांमध्ये तुमचे हुकूम लोकांना वाचता तर आले पाहिजेत. आणि गंमत म्हणजे ज्या कागदावर हे सर्क्युलर टाइप केलंय त्याच्या वर पक्षाचं नाव छापलंय ते त्याच गॉथिक अक्षरात, नवीन लेटरहेड छापायलाही कोणी थांबलं नाही. दुसऱ्या बाजूला हर्बर्ट बायर १९३८ पर्यंत बर्लिनमध्येच जाहिरातीची कामं करत होता आणि १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी सरकारने जे 'जर्मनी' नावाचं प्रदर्शन भरवलं त्याचं माहितीपत्रक त्याने केलंय, उत्तम केलंय, आतला मजकूर काय आहे ते सांगायला नको. तेव्हा अक्षराला शेपटी नाही म्हणून माणूस आपोआप चांगल्या बाजूला जात नाही, आणि हे लपवून इतिहास लिहिला की तो गोड होतो पण खोटा होतो.

आणि हेच चिशोल्डच्या डोक्यात बसलं होतं. तुम्ही लिहिलंय की तो स्वित्झर्लंडला जाऊन मवाळ झाला, जुन्या वळणाकडे परत गेला. खरं तर त्याने भांडून सोडलंय ते. युद्ध संपल्या संपल्या त्याने झुरिकमध्ये भाषण केलं की पुस्तकाच्या पानाला ही नवी टायपोग्राफी चालत नाही, १९४६ मध्ये माक्स बिल या स्विस डिझायनरने त्याच्यावर एका स्विस मासिकातून झोड उठवली, आणि चिशोल्डने जे उत्तर दिलं ते आजही वाचताना अंगावर येतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आम्ही जे 'फक्त हेच बरोबर' म्हणत होतो, ती जी हट्टाची, सगळं एका रांगेत उभं करायची हौस होती, ती आणि ज्यांनी मला तुरुंगात टाकलं त्यांची हौस एकाच मातीतली होती. आणि दुसरं, मशीनचं एवढं कौतुक करू नका, मशीनवर काम करणाऱ्याला त्यातून मिळणारा आनंद मशीननेच काढून घेतलाय. हे दुसरं म्हणणं कोणी फारसं सांगत नाही. बिलचा मुद्दाही अगदीच चूक नव्हता, त्याचं म्हणणं की नाझींनी ज्याला हाकललं तेच तू आता सोडतोयस, पण मला विचाराल तर या भांडणात चिशोल्ड वरचढ आहे.

शिवाय तो 'परत गेला' म्हणजे नेमकं कुठे गेला? १९४७ ते १९४९ तो इंग्लंडमध्ये पेंग्विन या प्रकाशन संस्थेकडे होता, रोजच्या रोज निघणारी स्वस्त पुस्तकं, दर छापखान्याची वेगळी तऱ्हा, त्याने काय केलं, चार पानांचे नियम लिहून काढले, शब्दांमधली जागा किती, कॅपिटल अक्षरं एकमेकांपासून किती लांब, परिच्छेद कसा सुरू करायचा, विरामचिन्हाआधी जागा सोडायची की नाही, आणि मग छापखान्या-छापखान्यांच्या मागे लागून ते पाळायला लावले. हा १९२८ चाच माणूस आहे, फक्त आता अक्षरांना शेपट्या आहेत. आणि १९६७ मध्ये आलेला त्याचा साबोन टाइप बघा, दिसायला सोळाव्या शतकातल्या फ्रेंच गारामॉंचं अक्षर, पण ऑर्डर अशी होती की हाताने जुळवा, लायनोटाइपच्या जुळणी-यंत्रावर लावा नाहीतर मोनोटाइपच्या, तीनही ठिकाणी ओळ तेवढीच आली पाहिजे. तिन्ही पद्धतींच्या खोड्या सांभाळून एक अक्षर काढणं म्हणजे काय असतं हे ज्याने कधी दोन वेगळ्या मशीनवर एकच पान लावलंय त्यालाच कळेल!

यानंतर ज्यांचं नावही लेखात नाही त्यांच्याबद्दल. व्हिएन्नात १९२५ मध्ये ओटो नॉयरातने एक म्युझियम काढलं, समाज आणि अर्थव्यवस्था याबद्दलचं, म्हणजे घरं किती बांधली, पोरं किती दगावतात, बेकारी किती, हे कामगार वस्तीतल्या माणसाला एका नजरेत कळावं म्हणून. त्यातून आकडे चित्रांनी दाखवायची जी पद्धत तयार झाली ती आयसोटाइप, हे नाव नंतरचं, १९३५ चं. नियम एकच आणि लोखंडी, संख्या वाढली की चित्रांची संख्या वाढवायची, चित्र मोठं करायचं नाही. कारण माणूस दुप्पट उंच काढला की तो दुप्पट रुंदही होतो आणि कागदावर चौपट जागा खातो, डोळा फसतो, आणि आजही रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात अशी पैशाची थैली फुगवलेली दिसते (तुमच्याही, रागावू नका). चित्रं गेर्ड आर्न्ट्सने काढली, हजारांनी, पण खरं डोकं लागायचं ते मधल्या पायरीला, आकडे देणारा तज्ज्ञ एका बाजूला आणि चित्रकार दुसऱ्या, मधे एक माणूस हवा जो ठरवेल की या तीस रकान्यांतलं काय दाखवायचं, काय गाळायचं, कशाच्या शेजारी काय ठेवलं की गोष्ट कळेल. या कामाला त्यांनी 'ट्रान्सफॉर्मर' असं नाव दिलं होतं आणि ते करायची मारी राइडेमाइस्टर, पुढे नॉयरातशी लग्न झाल्यावर मारी नॉयरात. १९३४ मध्ये व्हिएन्ना सोडून नेदरलँड्समधल्या हेगला, १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा छोट्या होडीतून इंग्लंडला, तिथे उतरल्यावर शत्रुदेशाचे म्हणून आधी कैदेत. १९४५ मध्ये ओटो वारला आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिने हे काम चालवलं, पोरांसाठी विज्ञानाची आणि इतिहासाची पुस्तकं केली, १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियात सरकारी माहितीपत्रकं करायला गेली तेव्हा व्हिएन्नातली माणसं आणि घरं जशीच्या तशी तिथे चिकटवली नाहीत, तिथली माणसं, तिथली घरं बघून चिन्हं नव्याने काढून घेतली. जगभर एकच चित्रभाषा चालेल असं स्वप्न बघणाऱ्या ग्रुपमधली ही बाई, आणि स्वप्न कुठे तोकडं पडतं ते तिने कामातच ओळखलं.

ब्रिटनमधल्या रस्त्यांच्या पाट्यांचं प्रकरण तर तुमच्या या पत्रांच्या सदरात शोभेल असं आहे, कारण ते भांडण थेट पेपरातल्या वाचकपत्रांमधूनच लढलं गेलं. १९५८ मध्ये तिथला पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, सुरू झाला आणि त्याच्या पाट्या जॉक किनियरने केल्या, हाताखाली त्याची विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट. निळी पाटी, पांढरी सॅन्स सेरिफ अक्षरं, आणि मुख्य म्हणजे गावांची नावं सगळी कॅपिटलमध्ये न लिहिता पहिलं मोठं बाकी लहान, कारण गाडी वेगात असताना माणूस अक्षर-अक्षर लावून वाचत नाही, शब्दाची वर-खाली होणारी आकृती ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. यावर १९५९ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रं सुरू झाली की ही कसली आडदांड अक्षरं, आणि डेव्हिड किंडर्सली नावाचा नामवंत दगडकोर कारागीर, एरिक गिलचा शिष्य, त्याने म्हटलं माझी शेपटीवाली कॅपिटल अक्षरं कमी जागेत जास्त लांबून वाचता येतील. मग काय केलं असेल? चाचणी घेतली. एका विमानतळावर हवाई दलाची पोरं फळीवर बसवली आणि टपावर पाटी लावलेली मोटार त्यांच्या दिशेने सोडली, नाव कधी वाचता आलं ते सांगा. आणि निकाल? किंडर्सलीची अक्षरं किंचित पुढे निघाली! फरक इतका थोडा होता की शेवटी दिसायला कुठली बरी यावर किनियर-कॅल्व्हर्टला कौल गेला. मॉडर्न लोकांचे गोडवे गाणारे हा निकाल सहसा सांगत नाहीत, मला तो सांगावासा वाटतो कारण यातून कळतं की हे सगळं सिद्ध झालेलं विज्ञान नव्हतं, त्यात आवड होती, आणि तरी ते मोजायला तयार होते.

पुढे सगळ्याच रस्त्यांच्या पाट्या त्यांच्याकडे आल्या आणि १ जानेवारी १९६५ पासून त्या कायद्याने लागू झाल्या. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसतच नाही, प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या रुंदीच्या फरशीवर बसवलेलं होतं, म्हणजे कुठल्याही आडगावच्या पाटी बनवणाऱ्याने फरशीला फरशी लावली की अक्षरांमधलं अंतर आपोआप बरोबर, त्याला नजर असो नसो. आणि पाटी आधी ठरवून तिच्यात मजकूर कोंबायचा नाही, मजकूर जेवढा तेवढी पाटी. शाळेजवळची जी पोरांची पाटी आहे तिच्यात आधी टोपीवाला मुलगा धाकट्या मुलीला हात धरून नेत होता, कॅल्व्हर्टने ते उलटं केलं, मुलगी पुढे आणि लहान मुलगा तिच्या मागे, आणि ती मुलगी तिने स्वतःवरूनच काढली. लेखात एकोणीस नावं होती, मी मोजली, त्यात एकही बाई नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

हेल्वेटिकाबद्दल तुम्ही एवढं लिहिलंय की मी काही भर घालत नाही, फक्त एवढंच की १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीच्या एडुआर्ड हॉफमानने माक्स मीडिंगरकडून तो काढून घेतला तो अक्झिडेन्झ ग्रोटेस्कच्या धंद्याला टक्कर द्यायला, तेव्हा त्याचं नाव नॉये हास ग्रोटेस्क होतं आणि हेल्वेटिका हे नाव १९६० मध्ये विक्रीसाठी दिलं गेलं. त्याच वर्षी, १९५७ मध्ये, पॅरिसमधून आड्रियान फ्रुटिगरचा युनिव्हर्स फॉन्ट आला, जाड-बारीक, रुंद-अरुंद अशी एकवीस रूपं सुरुवातीपासूनच एकत्र आखलेली आणि नावांऐवजी आकडे दिलेले, ५५ म्हणजे साधा, पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदीचा आणि तिरकेपणाचा. डिझाइन म्हणून ते जास्त मोठं पाऊल होतं असं माझं मत आहे, प्रसिद्धी मात्र हेल्वेटिकाला मिळाली.

लेखाखाली 'क्रमशः' असं छापलंय, म्हणजे पुढचा भाग येणार असं धरून चालते. त्यात बोरमानच्या त्या सर्क्युलरचा फोटो जरूर छापा, वरचं लेटरहेड कापू नका, तीच तर मजा आहे. मारी नॉयरातचा एखादा तक्ता छापलात तर चार रंगांत छापा, काळ्या-पांढऱ्यात त्याचा जीव जातो. आणि पान ३ वरच्या न्यूयॉर्क सबवेच्या पाटीच्या फोटोखाली 'व्हिन्येली यांची हेल्वेटिका' असं छापलंय ते दुरुस्त करा, व्हिन्येली आणि बॉब नूर्डा यांच्या युनिमार्क या डिझाइन कंपनीने १९७० मध्ये जे मॅन्युअल दिलं त्यात अक्षर 'स्टँडर्ड मीडियम' आहे, म्हणजे तेच आपलं अक्झिडेन्झ ग्रोटेस्क अमेरिकन नावाने, हेल्वेटिका तिथे अधिकृतपणे १९८९ मध्ये आली.

आपली,
एक नियमित वाचक